पहिल्या बारा सामन्यांची वही : एडमंटन ऑइलर्स, हंगाम २०२३-२४

१० नोव्हेंबर २०२३, धनत्रयोदशी. आई देव्हाऱ्यापुढे धणे-गुळाची वाटी ठेवत होती आणि मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर मोबाईल भिंतीला टेकवून बसलो होतो. तिकडे कॅलिफोर्नियात आदल्या दिवसाची रात्र होती. सॅन होजे शार्क्सने एडमंटन ऑइलर्सला, म्हणजे बर्फावरच्या हॉकीतल्या माझ्या संघाला, ३-२ हरवलं, आणि पडद्यावरचे आमचे खेळाडू डोकं खाली घालून बर्फावरून आत गेले.

हे शार्क्स म्हणजे कोण? हंगामातले पहिले अकराच्या अकरा सामने हरलेला संघ. त्यांतल्या लागोपाठ दोन सामन्यांत त्यांनी दहा-दहा गोल खाल्ले होते. त्यांनी आमच्या संघाला हरवलं. ऑइलर्सचा हिशेब झाला बारा सामने, दोन विजय, नऊ पराभव आणि एक जादा वेळेतला पराभव. गुण पाच. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या बत्तीस संघांच्या लीगमध्ये तळाला हेच दोघं, शार्क्स आणि आम्ही.

एडमंटनमध्ये राहणाऱ्या धाकट्या भावाला मी त्याच बैठकीत संदेश पाठवला. ‘हा हंगाम संपला. गोलरक्षक बदला, कोच बदला, अर्धा संघ बदला.’

तो संदेश मी पुसलेला नाही. सात महिन्यांनी हाच संघ लीगच्या विजेत्याला मिळणाऱ्या स्टॅन्ली चषकाच्या अंतिम फेरीचा सातवा सामना खेळला. त्यामुळे माझ्यापुरता हा अभ्यासाचा विषय झाला. हंगामाच्या तोंडावर, हातात दहा-बारा सामने असताना, चाहत्याला नेमकं काय कळू शकतं? मी कुठे चुकलो आणि कुठे चुकलो नव्हतो? वही माझ्याकडे आहे, तिच्या आधाराने मांडतो.

सोलापुरात बर्फावरची हॉकी

भाऊ नोकरीला एडमंटनला गेला तेव्हा त्या गावाचं नावही आमच्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातलं तेलाच्या धंद्यावर वाढलेलं शहर, म्हणून संघाचं नाव ऑइलर्स. या खेळातला सर्वांत मोठा मानला जाणारा खेळाडू वेन ग्रेट्झ्की, त्याचा संघ. १९८४, १९८५, १९८७, १९८८ आणि १९९० असे पाच चषक या संघाने जिंकले, त्यांतले पहिले चार ग्रेट्झ्की असताना. त्यानंतर चषक नाही. आणि नुसत्या एडमंटनलाच नाही, १९९३ मध्ये मॉन्ट्रियलने जिंकल्यापासून कॅनडाच्या एकाही संघाला नाही. ज्या देशाचा हा जीव की प्राण असलेला खेळ, त्याच देशात चषक येत नाही. ही सल समजली तेव्हाच मी या संघाचा झालो.

वेळेचं गणितही जुळलं. हिवाळ्यात एडमंटन आपल्या साडेबारा तास मागे असतं, उन्हाळी वेळ चालू असली की साडेअकरा. तिकडे संध्याकाळी सातचा सामना म्हणजे इकडे सकाळी साडेसहा किंवा साडेसात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी तपासणीला आहे, आणि त्या हंगामात मला दुपारची पाळी होती. सकाळ मोकळी. भाऊ त्याच्या टीव्हीसमोर फोन उभा करायचा, मी इकडे चहा घेऊन बसायचो. ‘दादा, लावू का?’ ‘लाव की.’ कधी चित्र अडकायचं, कधी पुतण्याचा हातच कॅमेऱ्यावर यायचा, पण सामना चुकायचा नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बर्फावर एका बाजूचे सहा जण, त्यांत एक गोलरक्षक. चेंडूऐवजी रबराची जाड चकती, तिला पक म्हणतात. वीस मिनिटांचे तीन डाव. खेळाडू पाऊण-एक मिनिट जीव तोडून धावतो आणि खेळ चालू असतानाच बाहेर येतो, दुसरा आत जातो. जिंकलं की दोन गुण, जादा वेळेत हरलं तरी एक. आणि त्या हंगामात सामने ८२. हा ८२ चा आकडा लक्षात ठेवा, सगळं प्रकरण त्याच्याभोवती फिरतं.

अपेक्षा काय होती

पराभव बोचतो तो अपेक्षेमुळे. २०२२-२३ मध्ये ऑइलर्सने १०९ गुण मिळवले होते. कर्णधार कॉनर मॅकडेव्हिडने गोल आणि गोलसाहाय्य मिळून १५३ गुण केले, जर्मनीच्या लिऑन ड्रायसाइटलने १२८. प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षा भोगायला बाहेर बसलेला असताना जी संधी मिळते, तिला पॉवर प्ले म्हणतात. त्यात ऑइलर्सचं यश ३२.४ टक्के होतं, लीगच्या इतिहासातलं सर्वांत जास्त. प्लेऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद सामन्यांच्या, दुसऱ्या फेरीत ते वेगासकडून हरले, आणि वेगासनेच पुढे चषक उचलला. कोच जे वुडक्रॉफ्ट. फेब्रुवारी २०२२ मध्ये हंगामाच्या मधोमध आलेला आणि त्याच वर्षी संघाला उपांत्य फेरीपर्यंत नेणारा माणूस.

म्हणजे २०२३ च्या ऑक्टोबरात कॅनडातल्या जाणकारांपासून ते सोलापुरातल्या माझ्यापर्यंत सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, यंदा चषक.

वहीतले बारा सामने

पहिला सामना, १२ ऑक्टोबरची आपली सकाळ. व्हँकुव्हरमध्ये ८-१ पराभव. ब्रॉक बेसर या एकट्याने चार गोल केले. गोलरक्षक जॅक कॅम्पबेलला मध्येच बाहेर काढून स्टुअर्ट स्किनरला उभं केलं, तरी गोल थांबले नाहीत. दुसरा सामना पुन्हा व्हँकुव्हरशी, घरच्या मैदानावर, ४-३ पराभव. तिसऱ्यात नॅशव्हिलला ६-१ धुतलं आणि मी वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘सुरुवात झाली.’ नव्हती झाली. फिलाडेल्फियात ४-१ हरले. विनिपेगशी जादा वेळेत ३-२ हरले आणि त्याच सामन्यात मॅकडेव्हिड जखमी झाला. पुढचे दोन सामने तो नव्हता. मिनेसोटात ७-४, रेंजर्सकडून ३-०. मिनेसोटाचा सामना दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होता. आदल्या संध्याकाळी वाटून उरलेली आपट्याची पानं अजून फडताळावर होती.

मग २९ ऑक्टोबरला उघड्या फुटबॉल मैदानावर बर्फ घालून, पंचावन्न हजारांवर लोकांसमोर, कॅलगरीला ५-२ हरवलं. मॅकडेव्हिड परत आला होता. भाऊ त्या सामन्याला स्वतः गेला होता. टोपी, दोन स्वेटर, वर कोट, आणि आवाज बसलेला. त्या दिवशी आम्हा दोघांनाही वाटलं, गाडी रुळावर आली.

त्यापुढचे चार सामने असे : डॅलस ३-४, नॅशव्हिल २-५, व्हँकुव्हर २-६, सॅन होजे २-३. व्हँकुव्हरने तीन सामन्यांत आम्हाला अठरा गोल मारले. कॅम्पबेलला खालच्या लीगमधल्या बेकर्सफील्डला पाठवलं. एका वर्षापूर्वीच त्याच्याशी पाच वर्षांचा, अडीच कोटी डॉलरचा करार झाला होता.

हे सगळं वहीत एका रकान्यात आहे. सामना, गोल, निकाल. माझी पहिली चूक इथेच होती. मी फक्त निकाल लिहीत होतो.

दिवाळीची सकाळ आणि दिवाळीची रात्र

१२ नोव्हेंबर, रविवार. त्या वर्षी नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं होतं. पहाटे उटणं लावून आंघोळ, फराळ, आणि सकाळी सिअॅटलचा सामना. ऑइलर्स ४-१ जिंकले. मी चिवड्याची ताटली हातात घेऊन पाहिला. घरात दुपारनंतर क्रिकेटची तयारी होती, बंगळुरूला भारत-नेदरलँड्स सामना होता, त्यामुळे हॉकीच्या आनंदात मला कुणाची साथ नव्हती.

लक्ष्मीपूजन आटोपलं, फटाके वाजत होते आणि भावाचा संदेश आला. ‘दादा, वुडक्रॉफ्टला काढलं.’

जिंकल्याच्या दुसऱ्याच दिवशी. नवा कोच क्रिस नॉब्लॉक, ज्याने मॅकडेव्हिडला पोरवयात ईरी ऑटर्स या कनिष्ठ संघात शिकवलं होतं. सोबत बचावपटूंकडे बघायला जुना दिग्गज पॉल कॉफी. वुडक्रॉफ्ट गेला तेव्हा त्याच्या नावावर एडमंटनमधले ७९ विजय, ४१ पराभव आणि १३ जादा वेळेतले पराभव होते.

दोन दिवसांपूर्वी मीच लिहिलं होतं, कोच बदला. आता बदलला, आणि मला अजिबात बरं वाटलं नाही. वाईट का वाटलं हे त्या रात्री कळलं नाही. ते कळायला मला कारखान्यातली एक जुनी गोष्ट आठवावी लागली.

एका मागावरचे टॉवेल

काही वर्षांपूर्वी एका मागावर नवा बीम, म्हणजे ताण्याच्या सुताचा रूळ, चढवला. पहिले दोन डझन टॉवेल माझ्या टेबलावर आले. जवळजवळ प्रत्येकात तार तुटल्याची रेघ. दिव्याखाली आडवा धरला की लख्ख दिसायची, कडेपासून चार बोटांवर, अगदी सरळ. मी ते सेकंडमध्ये, म्हणजे दुय्यम मालात, टाकले आणि वर कळवलं. जॉबर, म्हणजे मागांची देखभाल बघणारा माणूस, आला, रेघ बघितली आणि विणकराला त्या मागावरून उठवलं. वीस वर्षं माग चालवणारा माणूस. तो एक अक्षर बोलला नाही, खांद्यावरचा पंचा झटकला आणि दुसऱ्या खात्यात गेला. नवा विणकर बसला. पुढच्या डझनात तीच रेघ, त्याच जागी.

दोष सुताच्या लॉटमध्ये होता. कोनावर गुंडाळलेलं सूतच कमजोर निघालं. ते बदललं आणि रेघ गेली. उठवलेल्या माणसाला मात्र तो माग परत मिळाला नाही.

मी तपासणीवाला आहे. टॉवेल खराब आहे हे सांगणं माझं काम, आणि त्यात मी चुकलो नव्हतो. पण खराब का आहे, हे नुसत्या टॉवेलवरून सांगता येत नाही. सूत बघावं लागतं, माग बघावा लागतो, त्या दिवशीची हवा बघावी लागते. हॉकीच्या वहीत मी फक्त टॉवेल मोजत होतो.

दुसरा रकाना

त्या आठवड्यात मी सगळ्या सामन्यांचे आकडे पुन्हा काढले आणि वहीत दोन रकाने वाढवले : दोन्ही बाजूंचे गोलवरचे फटके किती, आणि त्यांतले गोलरक्षकाने अडवले किती.

चित्र पालटलं. सॅन होजेच्या सामन्यात फटके ऑइलर्सचेच कितीतरी जास्त होते, समोरच्या गोलरक्षकाने एकट्याने सामना वाचवला. असं त्या एकाच सामन्यात झालं नव्हतं. संघ संधी निर्माण करत होता. मात्र आधीच्या हंगामात सामन्यामागे चारच्या जवळ गोल करणारा हा संघ आता तीनाच्याही आत होता. आणि आपल्या गोलपाशी उलटं. लीगमध्ये गोलरक्षक साधारणपणे शंभर फटक्यांतले नव्वद अडवतात. ऑइलर्सचे गोलरक्षक सत्त्याऐंशीही अडवत नव्हते.

तीन-चार फटक्यांचा फरक ऐकायला काहीच नाही. पण सामन्यात साधारण तीस फटके येतात. नव्वदच्या दराने तीन गोल बसतात, सत्त्याऐंशीच्या खाली गेलं की चार. म्हणजे सामन्यामागे एक जादा गोल. आता ते दहा पराभव बघा. व्हँकुव्हर ४-३, विनिपेग ३-२, डॅलस ४-३, सॅन होजे ३-२. चार पराभव नेमके एका गोलाचे! तो एक गोल अडला असता तर हे चारही सामने कुठेही जाऊ शकले असते आणि धनत्रयोदशीला मी तो संदेश पाठवला नसता.

बाकीचे सहा पराभव असे सोडवता येत नाहीत, हेही तितकंच खरं. ८-१ ला नशीब म्हणणं म्हणजे स्वतःला फसवणं. बचाव उघडा पडत होता. पकवरचा ताबा मधल्या पट्ट्यात जायचा आणि समोरचे दोघं-तिघं मोकळे धावत यायचे. वुडक्रॉफ्टने त्या हंगामाआधी आपल्या हद्दीत बचाव करण्याची पद्धत बदलली होती. माणसामागे माणूस लावण्याऐवजी जागा धरून उभं राहायचं. खेळाडूंच्या अंगात ती मुरलेली नव्हती, एकजण दुसऱ्याकडे बघायचा आणि मधून पास निघून जायचा. हे मला पडद्यावरही दिसत होतं. म्हणून माझं म्हणणं असं की संघ बिघडलेला होता, पण तळाला जाण्याइतका नव्हता. जितका बिघडला होता त्यावर नशिबाने मीठ चोळलं होतं.

सामन्यांच्या संख्येचा मुद्दा तर मी आधीच ध्यानात घ्यायला हवा होता. ८२ पैकी १२ म्हणजे हंगामाचा सातवा हिस्सा. आयपीएलच्या चौदा साखळी सामन्यांत हे प्रमाण दोन सामन्यांएवढं होतं. पहिले दोन सामने हरलेल्या आयपीएल संघाला कुणी मोडीत काढत नाही. इथे बारा आकडा मोठा दिसतो, महिना गेलेला असतो, रोजच्या सकाळी कडवट झालेल्या असतात, म्हणून ते भरपूर वाटतात.

उलट बाजूनेही गणित मांडलं. प्लेऑफला ९५ च्या आसपास गुण लागतात. पाच हातात, म्हणजे उरलेल्या ७० सामन्यांतून ९०. हा दर पूर्ण हंगामाला लावला तर १०५ गुणांचा. अवघड आहे, पण याच खेळाडूंनी आदल्या वर्षी १०९ केले होते. वहीत त्यापुढे मी ‘शक्य’ एवढंच लिहिलं. लिहिताना हात कचरत होता.

अजून एक घसरण

नवा कोच आला आणि सगळं सुधारलं, अशी गोष्ट सांगितली जाते. ती तितकी सरळ नाही. पहिले दोन सामने जिंकले खरे, मग टॅम्पा, फ्लोरिडा आणि कॅरोलायना असे तीन ओळीने हरले, सहा, पाच आणि सहा गोल खाऊन. त्याच आठवड्यात १९ नोव्हेंबरला अहमदाबादेत भारत विश्वचषकाचा अंतिम सामना हरला. आमच्या गल्लीत त्या रात्री कुणाच्या घरातून टीव्हीचा आवाज येत नव्हता.

२३ नोव्हेंबरला अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण होता. लीगमधला जुना ठोकताळा आहे की त्या दिवशी प्लेऑफच्या जागांवर असलेल्या संघांपैकी साधारण तीन चतुर्थांश शेवटी पात्र ठरतात. ऑइलर्सचा हिशेब त्या दिवशी पाच विजय, बारा पराभव आणि एक जादा वेळेतला पराभव असा होता, अकरा गुण. ठोकताळ्याने त्यांना बाद केलं होतं. भावाने फोनवर सांगितलं, ‘दादा, ऑफिसात आता कुणी हॉकीचं नावच काढत नाही.’

दुसऱ्या दिवशी वॉशिंग्टनमध्ये ५-० जिंकले. तो धरून ओळीने आठ विजय. मग पुन्हा तीन पराभव, आणि मग २१ डिसेंबरपासून सलग सोळा विजय. लीगचा विक्रम सतराचा आहे, पिट्सबर्गने १९९२-९३ मध्ये केलेला. एकाने हुकला.

भोगीची सकाळ

या सोळांतला एक सामना मला मिनिटामिनिटाने आठवतो. १४ जानेवारी २०२४, रविवार, भोगी. सोलापुरात गड्ड्याचे दिवस, सिद्धेश्वराच्या यात्रेला गावोगावची माणसं आलेली, पहाटेपासून रस्त्यावर वर्दळ. आई तव्यावर तीळ लावलेली बाजरीची भाकरी थापत होती. आपल्या साडेपाचला मॉन्ट्रियलचा सामना सुरू झाला. सामन्यात एकेक गोलची बरोबरी होती. शेवटचा डाव चालू असताना भावाचा फोन जोरात किंचाळला. सामन्याचा आवाज नव्हता तो, प्रांताचा तातडीचा इशारा होता. बाहेर थंडी उणे चाळिसाच्या खाली, विजेची मागणी आवाक्याबाहेर गेलेली, गरजेपुरतीच वीज वापरा.

त्याने उठून एकेक दिवा बंद केला. खोली काळी झाली आणि पडद्यावर फक्त पांढरा बर्फ उरला. भावजय मागून म्हणाली, ‘टीव्ही पण बंद करा.’ भाऊ म्हणाला, ‘पाचच मिनिटं.’ त्याने आवाज बंद केला, पडद्याचा उजेड अगदी कमी केला. लोडशेडिंगच्या सोलापुरात वाढलेला माणूस, अंधारात बसायची त्याला सवय होती. इकडे चुलीशी आई विचारत होती, ‘तिकडं पण लाईट जाते व्हय रे?’ जादा वेळेत गोल झाला, २-१. तो ओरडला नाही, नुसता हात वर केलेला दिसला. मग त्याने टीव्ही बंद केला आणि कॉलही कटला.

त्या सोळा सामन्यांच्या नोंदी बघताना माझी बोटं एका रकान्यावर थांबतात. शेवटच्या चौदा सामन्यांत ऑइलर्सने एकदाही दोनपेक्षा जास्त गोल खाल्ले नाहीत. गोलमध्ये बहुतेक वेळा कोण होतं? स्टुअर्ट स्किनर. एडमंटनमध्येच जन्मलेला, ज्याला बदला म्हणून मी धनत्रयोदशीला लिहिलं होतं. त्याने त्या काळात ओळीने बारा सामने जिंकले आणि संघाचा गोलरक्षकांचा विक्रम मोडला, जुना गोलरक्षक ग्रँट फ्यूर याच्या दहांचा.

मग कोच बदलणं बरोबर की चूक?

या प्रश्नावर मी आणि भाऊ अजून भांडतो. त्याचं म्हणणं, निकाल समोर आहे. नॉब्लॉक शांत माणूस, त्याने खेळाडूंवरचं ओझं काढलं. कॉफीने बचावपटूंना सांगितलं की पक हातात आला तर घाबरून फेकू नका, खेळा. सलग चौदा सामन्यांत दोनच्या आत गोल, हे नशिबाने होत नाही.

मला त्यातलं बरंचसं मान्य आहे. बचाव सुधारला तो शिकवण्यामुळेच सुधारला. पण मॅकडेव्हिड दुखण्यातून बरा होणार होता, फटके जाळीत जायला लागणार होते, स्किनर शंभरातले नव्वद अडवायला लागणार होता, हे तिन्ही कोच कुणीही असता तरी झालं असतं असं मला वाटतं. वुडक्रॉफ्टला त्या सुधारणेची वाट बघू दिली नाही. तेरा सामने दिले. माझ्या कारखान्यातल्या विणकराची उपमा इथे पूर्ण बसत नाही, कारण तिथे सूत बदललं आणि इथे स्किनर तोच राहिला. तरी उठवलेल्या माणसाकडे बघून मला जे वाटलं होतं, तेच दिवाळीच्या रात्री वाटलं. आणि मालक-व्यवस्थापकांच्या जागी बसून बघितलं तर त्यांची अडचणही दिसते. मॅकडेव्हिडसारखा खेळाडू कारकिर्दीच्या भरात असताना एक हंगाम वाया घालवायला छाती लागते. मी त्यांच्या जागी असतो तर वीस सामन्यांपर्यंत थांबलो असतो. वीस झाले तेव्हा आठ विजयांची ती माळ सुरू झालेली होती. पण हे मी आता वही उघडून म्हणतोय.

हंगाम संपला तेव्हा ४९ विजय, १०४ गुण, गटात दुसरा क्रमांक. त्या पहिल्या बारा सामन्यांनंतरच्या सत्तर सामन्यांत १४० पैकी ९९ गुण. मॅकडेव्हिडने शंभर गोलसाहाय्यांचा टप्पा गाठला. प्लेऑफमध्ये लॉस एंजेलिस, मग व्हँकुव्हर, तेच व्हँकुव्हर ज्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरात अठरा गोल मारले होते. सात सामन्यांत त्यांना हरवलं, शेवटचा त्यांच्याच मैदानात ३-२. मग डॅलस. अंतिम फेरीत फ्लोरिडाविरुद्ध पहिले तीन सामने हरल्यावर ८-१, ५-३, ५-१ असे तीन जिंकून बरोबरी केली. असं ०-३ वरून फिरून अंतिम फेरी जिंकणं १९४२ मध्ये टोरंटोला एकदाच जमलं आहे. २५ जूनच्या पहाटे सातवा सामना २-१ हरलो. मॅकडेव्हिडला प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरवलं, तो बक्षीस घ्यायला बर्फावर आला नाही. भाऊ आणि मी दोघंही बराच वेळ फोन चालू ठेवून गप्प होतो.

ऑक्टोबर २०२४

पुढचा हंगाम सुरू झाला. पहिला सामना विनिपेगकडून ६-० पराभव. दुसरा शिकागोकडून ५-२. तिसरा कॅलगरीकडून ४-१. तिन्ही घरच्या मैदानावर. मध्ये दसरा येऊन गेला.

१४ ऑक्टोबरला सकाळी भावाने लिहिलं, ‘दादा, परत तेच.’ मी नवी वही काढली. पानावर पाच रकाने आखले : गोल, आपले फटके, त्यांचे फटके, अडवलेले, आणि कोण जखमी. तीन सामने भरले. खाली तारखेसह लिहिलं, ‘वीस सामने होईपर्यंत निदान नाही.’ त्या पानाचा फोटो त्याला पाठवला. त्याने बराच वेळ उत्तर दिलं नाही, मग एकच शब्द आला, ‘बरं.’

चौथ्या सामन्यात फिलाडेल्फियाला जादा वेळेत ४-३ हरवलं. तेवढी ओळ भरली, डबा उचलला आणि पाळीला गेलो.